कच्चा माल, तयार माल आणि मधुमेह

मी वैद्य नव्हे. फाउंड्री-कामगारांच्या संघटनेत उभी हयात गेली. शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. आमच्या एका भट्टीवाल्याला नुकताच मधुमेह निघाला. तो मला म्हणाला, "अण्णा, ह्या दुखण्यात अंगात इन्सुलिन लई असतंय म्हणत्यात. मग साखर का चढती?" प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधताना मला प्रोइन्सुलिन भेटले.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन एकदम तयार करीत नाहीत. आधी ८६ अमिनो आम्लांची एकसंध साखळी होते, ते प्रोइन्सुलिन. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी ते १९६७ साली उजेडात आणले. आमच्याकडे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला रनर चिकटलेला असतो. तो नसता तर धातू साच्यात पोचलाच नसता. पण काम झाल्यावर तो कापावाच लागतो. येथेही तेच. मधला सी-पेप्टाइड नावाचा तुकडा साखळीला नीट घडी पाडतो, मग एन्झाइमे तो कापून वेगळा करतात, आणि उरते ते २१ व ३० घटकांच्या दोन जोडसाखळ्यांचे खरे इन्सुलिन. न कापलेला थोडा माल निरोग्याच्याही रक्तात उतरतो. परंतु साखर उतरवण्याची त्याची ताकद इन्सुलिनच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच, आणि रक्तात तो रेंगाळतो मात्र जास्त.

आता मोजणीची गंमत पाहा. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास रक्तातील इन्सुलिन मोजण्याची युक्ती काढली. शोध मोठाच, यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळाले. पण त्या जातीच्या चाचण्यांना कच्चा आणि तयार माल वेगळा ओळखता येईना. दोन्ही एकाच खात्यात चढत, आणि रोग्याकडे इन्सुलिनचा सुकाळ दिसे. १९८९ साली केंब्रिजच्या हेल्स प्रभृतींनी दोन्ही वेगवेगळे मोजले, तेव्हा खऱ्या इन्सुलिनची तूट उघडी पडली. हजेरीपुस्तकात माणसे भरपूर आणि यंत्रावर कोणी नाही, हा प्रकार आम्हांस नवा नव्हे!

असे का होते? शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की पेशीवर मागणीचा ताण येतो व माल घासण्यापूर्वीच फाटकाबाहेर जातो, असे काही म्हणतात. कापणारी यंत्रणाच मुळात लंगडी, असे दुसरे. पुरावा दोहींकडे आहे. माझा कल पहिल्याकडे, हे माझ्या धंद्यावरून आपण ओळखले असेलच. मात्र सिएटलमधील जपानी वंशाच्या पुरुषांच्या पाहणीत (१९९५) ज्यांना पुढे मधुमेह जडला त्यांचे प्रोइन्सुलिन आधीपासूनच चढलेले होते. म्हणजे बिघाड साखरेच्या आधी सुरू होतो.

ताण उतरवता येतो काय? ब्रिटनमध्ये, रोग जडून सहा वर्षे न झालेल्यांचे वजन शिस्तीने उतरवले, तेव्हा वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांची, ४६ टक्क्यांची, साखर औषधांवाचून मधुमेहाच्या रेषेखाली आली. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

आमच्या भट्टीवाल्याने लगेच विचारले, "मग ती प्रोइन्सुलिनची तपासणी करू काय?" मी म्हटले, पैसे घालवू नकोस, ती मुख्यतः स्वादुपिंडातील गाठीच्या संशयावरून करतात. तू उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी चुकवू नकोस. वजन डॉक्टरांना विचारून उतरव. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीचे कलम यंदाच्या मागणीपत्रात घातले आहे.