वेशीच्या आत (लेखांक ५) : अमरावतीचा परकोट

मागच्या आठवड्यात बाळापूर पाहिलं. मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यातला तो किल्ला फौजेसाठी बांधलेला. तिथून अमरावतीच्या जवाहर गेटशी येऊन उभं राहिलं, की वेगळ्याच जातीचं बांधकाम समोर येतं. या तटाच्या आत राजवाडा नाही, बालेकिल्ला नाही. आत सराफा आहे, सक्करसाथ आहे, दहीसाथ आहे. वऱ्हाडात किल्ले पुष्कळ. पण केवळ बाजारपेठ राखण्यासाठी सव्वादोन मैलांचा दगडी तट घातलेलं आणि तो बऱ्याच भागात अजून उभा असलेलं गाव म्हणजे अमरावती.

वयाने हा परकोट मध्ययुगीन म्हणता येणार नाही. निजाम सरकारने त्याचं काम १८०७ साली काढलं. बांधणी मात्र जुन्या रीतीची: २० ते २६ फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. दरवाजे बंड्यांसाठी, खिडक्या पायी माणसांसाठी. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, महाजनपुरी गेट ही नावं अमरावतीकर आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. खिडक्यांची नावं तेवढी बाहेर माहीत नसतात: पटेल खिडकी, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी आणि खुनारी खिडकी. खुनारीजवळ झालेल्या एका दंग्यात ७०० माणसं मेली, असं जुन्या नोंदी सांगतात.

१८०७ हेच साल का, हे समजायला चार वर्षं मागे जावं लागतं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई झाली. १५ डिसेंबरला वेलस्लीने गाविलगड घेतला. त्याच सुमारास वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. फौजा मोडल्या, शेतं ओस पडली आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्यांना रान मोकळं मिळालं. पेंढाऱ्याला गड जिंकायचा नसे. त्याला रोकड, सोनं, कापड हवं असे, आणि या मुलखात ते सगळं एका जागी सापडण्याचं ठिकाण म्हणजे अमरावतीच्या पेढ्या.

हा पैसा पऱ्हाटीचा. काळ्या जमिनीतला कापूस वेचायचा, रेच्यावर सरकी वेगळी करायची, रुईची गाठोडी बांधून बैलांच्या पाठीवर लादायची. रेल्वे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने मिर्झापूरच्या वाटेने कलकत्त्याला लाख बैलांचा कापूस धाडला, अशी नोंद आहे. लाख बैल! त्यांचे तांडे, त्यांचा चारा, वाटेतली पाणवठ्याची ठिकाणं, त्यांच्या मागून चालणारे बंजारे... हा सगळा पसारा डोळ्यांपुढे आणला, म्हणजे तटाचा खर्च कुणाला जड का वाटला नसेल ते कळतं. पुढे लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाची ओळख ‘उमरा’ या नावाने झाली, ती याच गावावरून.

गंमत म्हणजे ज्यांच्या धास्तीने तट घातला, ते पेंढारी फार दिवस टिकले नाहीत. १८१७-१८च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला. तट राहिला. त्यानंतर या गावावर आलेलं संकट दरवाजातून आत शिरलंच नाही, ते आतच वाढलं. १८४८ साली धान्याचे भाव इतके चढले, की धनराज साहू नावाच्या बड्या व्यापाऱ्याला जमावाने ठार मारलं. त्याने तांदळाची मोठी खरेदी करून ठेवली होती, हा लोकांचा राग. परकोट पाहताना माझं मन या प्रसंगाशी फार वेळ थांबतं. मारणारे परके नव्हते. याच वेशीतून रोज ये-जा करणारे, याच बाजारात उधारीने शेर-पायली नेणारे लोक होते ते. वीस फुटांचा तट घोडेस्वार अडवू शकतो. आतल्या कोठारातलं धान्य आणि बाहेरच्या ओट्यावरची भूक यांच्यामधलं अंतर त्याला सांभाळता येत नाही.

दुसरी गोष्ट अंबागेटच्या बाहेरची. वेशीतून निघालं की थोड्याच अंतरावर अंबादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली सत्याग्रहाची हाक दिली गेली. त्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डॉ. पंजाबराव देशमुखही या चळवळीत पुढे होते. दगडाचा तट तोवर सगळ्यांना खुला झाला होता. देवळाचा उंबरठा झाला नव्हता. परकोटाची फेरी मी अंबागेटपाशी संपवत नाही, देवळापर्यंत नेतो, ती यासाठी.

या सगळ्या गोष्टी मांडणारं संग्रहालय परकोटात हवं, म्हणून आता संग्रहालयाबद्दल. वऱ्हाडातल्या जुन्या माणसाला संग्रहालय म्हटलं की नागपूरचा १८६३ सालचा अजब बंगला आठवतो. मूर्ती, शिलालेख, पेंढा भरलेले प्राणी. ते हवंच. पण तटबंदीचं गाव किती वेगळ्या वस्तू मांडू शकतं, हे पाहायचं तर जर्मनीतल्या रोटेनबुर्गकडे पाहावं. तौबर नदीवरचं हे छोटं तटबंद शहर. मार्च १९४५मध्ये तिथे बॉम्ब पडले, शेकडो घरं आणि २,००० फुटांहून अधिक तट कोसळला. जगभरातून देणग्या आल्या, तट पुन्हा उभा राहिला, आणि देणगीदारांची नावं त्याच्याच दगडांवर बसवली गेली. त्या गावात नाताळच्या सजावटीचं एक संग्रहालय आहे आणि जुन्या काळच्या गुन्ह्यांचं व शिक्षांचं दुसरं. माणसांना ज्यात अडकवून चौकात उभं करत ती खोडी, बदनामीसाठी तोंडावर चढवायचे लोखंडी मुखवटे, सगळं तिथे उघड मांडलेलं आहे. आपल्या गावाने काय क्रूरपणा केला, हेही तिकीट लावून दाखवण्याचा हा धीटपणा मला आवडतो.

अमरावतीच्या परकोटात कापसाचं आणि बाजाराचं संग्रहालय व्हायला हवं. त्यात हाताचा रेचा असावा, आणि तो बंद काचेत न ठेवता शाळेच्या पोरांना फिरवू द्यावा, म्हणजे शेरभर कापसातून सरकी काढायला काय लागतं ते हाताला कळेल. तराजू-मापं, हुंड्या, मोडीतल्या खतावण्या असाव्यात. लाख बैलांच्या वाटेचा नकाशा असावा. १८४८चा प्रसंग त्यात असावा आणि १९२७चाही. शेतकऱ्याची बाजू तर पहिल्या दालनात हवी: वेचणीची ओटी बांधलेली बाई, अडत्याकडे बंडी घेऊन रात्रभर थांबलेला माणूस. या तटाचा दगडन् दगड त्यांच्या कापसावर उभा आहे आणि परकोटाच्या वर्णनात त्यांचं नाव कुठेच येत नाही.

जागेची अडचण मला खरी वाटत नाही. अडचण तटाच्या निगेची आहे. सांध्यांतून पिंपळ उगवतो. कोवळा असताना तो चिमटीने उपटता येतो, दोन पावसाळे गेले की मुळं चुना फोडून चिरा बाहेर ढकलतात. याला लागतो तो दर दिवाळीनंतर शिडी घेऊन फिरणारा एक माणूस आणि चुन्याचं काम येणारा एक गवंडी. तटाला पाठ लावून राहणाऱ्या घरांनाच हे काम मजुरीवर दिलं, तर अतिक्रमणाच्या नोटिसांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं. भिंत पाडली तर सर्वांत आधी त्यांनाच कळतं, आणि राखली तरीही.

फेरी करणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं. सराफा उघडला की जवाहर गेटात गाड्यांची कोंडी होते आणि कमानीकडे मान वर करून पाहायला उसंत मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात अकोल्याचा असदगड. तिथली दहीहंडा वेस औरंगजेबाच्या काळातलं, १६९७चं साल सांगते, तर अगर वेशीवरचा मराठी लेख किल्ला बांधल्याचं श्रेय १८४३ साली गोविंद आप्पाजी नावाच्या गृहस्थाला देतो. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचू.