परदेशवारी, भाग ६ : बेटावर भूक लागली की

‘ऑल इन्क्लुसिव्ह’ पॅकेज घ्यावं का, हे आधी जागेवर ठरतं. थायलंड किंवा बालीला निघाला असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. हॉटेलबाहेर पडलं की खाण्याचे शंभर पर्याय आहेत, आणि तिथे जायचं ते त्यासाठीच. मालदीवची गोष्ट वेगळी. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत रुजली. चहूकडे पाणी, भूक लागली तर त्याच रिसॉर्टच्या टेबलावर, त्यांच्याच भावाने.

मेन्यूकार्डवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली की थांबा. त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी. म्हणजे १०० डॉलरचं जेवण १२८ डॉलर ७० सेंटला पडतं. पहिल्या खेपेला आम्ही दोघांनी फक्त न्याहारीचं पॅकेज घेतलं होतं. दुपारी दोन सूप, एक पास्ता आणि पाण्याची बाटली. वेटरने बिल पुढे ठेवलं, मी खोलीचा नंबर घालून सही केली. त्या रात्रीपासून आम्ही मेन्यूत आधी उजवीकडचा रकाना वाचू लागलो. समुद्र बघायला गेलेल्या माणसांनी असे चार दिवस काढू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

तरीही सरसकट ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ घेऊ नका. त्यातली जादा रक्कम मुख्यतः दारूची असते. दोघंही घेत नसाल तर तिन्ही वेळचं जेवण देणारं ‘फुल बोर्ड’ पुरतं; फक्त त्यात पिण्याचं पाणी धरलंय का, ते विचारून घ्या. रोज दोन-तीन कॉकटेल होणार असतील तर मात्र पॅकेजच परवडतं, कारण देशात बाहेरून दारू नेता येत नाही. मुलं बरोबर असली की हिशेब पुन्हा बदलतो. पोहून आलेल्या मुलाला तासातासाला ज्यूस नाहीतर आइस्क्रीम हवं असतं, आणि प्रत्येक वेळी ‘आता नको’ म्हणण्यात आईबापाचीच सुट्टी संपते.

‘सगळं’ या शब्दात काय नाही, ते लेखी मागा. स्पा आणि डायव्हिंग बहुधा नसतंच. २०२५पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर आहे. चौघांच्या चार रात्रींचे १९२ डॉलर झाले. शाकाहारी असाल तर बुफेत काय मिळेल, हे बुकिंगआधीच ईमेलने विचारा. जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसूण नको, असं स्पष्ट लिहा.

सगळ्यात मोठी फसगत प्रवासाची. माले विमानतळापासून बेट जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सी-प्लेन, आणि त्याचं जाण्या-येण्याचं भाडं माणशी शेकडो डॉलर असू शकतं. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. मुंबईहून निघालेलं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेजवळ स्वतःच्या खर्चाने काढावी लागते आणि रिसॉर्टमधली भरलेली एक रात्र वाया जाते. म्हणून आधी बेट, मग विमानाची वेळ, आणि सगळ्यात शेवटी पॅकेज.

पुढच्या आठवड्यात : रिसॉर्ट टाळून माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर राहायचं असेल तर.