तळटीपेतल्या लेडी टाटा

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ‘नेचर’ या विलायती विज्ञान-साप्ताहिकात जूनच्या सुमारास चार-सहा ओळींची एक बातमी येई. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचे विश्वस्त लेडी टाटांच्या स्मृतिदिनी, म्हणजे 18 जूनला, त्या वर्षीचे संशोधन-निधी जाहीर करीत. खाली नावे असत: कोपनहेगनचे एंगेलब्रेथ-होल्म, अमेरिकेतले जेकब फर्थ, हंगेरीचे यार्माई. सगळे ल्युकेमियाच्या, रक्ताच्या कर्करोगाच्या मागे लागलेले. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड चाळायची खोड मला कॉलेजपासूनची. या बातम्यांनी तर माझा पिच्छाच पुरवला. प्रयोगशाळा डेन्मार्कची, कोंबड्या-उंदीर तिथलेच, पैसा मात्र मुंबईचा, आणि तोही पारतंत्र्याच्या काळातला.

लेडी टाटा, म्हणजे मेहेरबाई टाटा, म्हटले की आपल्याला आठवतो तो ज्युबिली हिरा. 245 कॅरेटचा, कोहिनूरहून मोठा. 1924 मध्ये टाटा स्टील डबघाईला आली तेव्हा त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी आपली मालमत्ता आणि बायकोचे दागिने इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकले, ही कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे पुन्हा नको. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या या बाई 18 जून 1931 रोजी वेल्समधल्या रूथिनच्या शुश्रूषागृहात ल्युकेमियाने गेल्या. वय अवघे एक्कावन्न. त्या काळी या दुखण्यावर डॉक्टरांकडे क्ष-किरण आणि सोमल यांपलीकडे फारसे काही नव्हते, आणि तेही रोग बरा करीत नव्हते. पैसा असूनही काही करता येत नाही, ही दोराबजींसारख्या माणसाला नवीनच गोष्ट असणार.

एप्रिल 1932 मध्ये त्यांनी बायकोच्या नावाने ट्रस्ट केला. त्यातली वाटणी वाचून मी थबकलो. उत्पन्नाचे चार हिस्से जगभरातल्या ल्युकेमिया-संशोधनाला. पाचवा हिस्सा भारतातल्या, माणसाचे हाल कमी करणाऱ्या संशोधनाला. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, 3 जून 1932 ला, पत्नीच्या इंग्लंडमधल्या कबरीकडे निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेनला वारले.

आता यावर आक्षेप उघड आहे, आणि तो मला आजही पुरता खोडता येत नाही. ज्या शहरात क्षय आणि मलेरिया माणसे नेत होते, तिथला पैसा परदेशी उंदरांवर का? परळला हाफकिन इन्स्टिट्यूट होतीच की. दोराबजींच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्यांचा दुसरा, मोठा ट्रस्टही 1932 चाच, आणि तो इथेच खर्ची पडला: आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था (1936), परळचे टाटा हॉस्पिटल (1941), मूलभूत संशोधनाची टीआयएफआर (1945). बायकोच्या नावाचा पैसा मात्र त्यांनी रोगाच्या मागे पाठवला, देशाच्या नव्हे.

त्यातून निघाले काय? हा निधी मिळालेल्या जेकब फर्थ यांनी 1937 मध्ये मॉर्टन कान यांच्यासह दाखवून दिले की ल्युकेमियाची एकच पेशी निरोगी उंदराला टोचली तरी त्याला रोग जडू शकतो. पुढे केमोथेरपीत ‘शेवटची पेशीसुद्धा मारायची’ हा जो हट्ट आला, त्याच्या मुळाशी हाच विचार. 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन मुलांचा ल्युकेमिया काही काळ तरी मागे हटवला. ते औषध आले लेडर्ले कंपनीतून, जिथे संशोधनाची सूत्रे आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. या औषधाशी लेडी टाटांच्या पैशाचा संबंध मी जोडणार नाही. पण त्याच औषधाचे भावंड, मेथोट्रेक्सेट, आज परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वॉर्डात मुलांना दिले जाते. ज्ञान असे फिरून घरी येते.

हे सगळे आजच्या कायद्यात बसवून पाहा. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायला लावले. अंधेरी एमआयडीसीपासून मुलुंडपर्यंत बागेतल्या बाकड्यापेक्षा मोठ्या ‘सीएसआर अंतर्गत’ पाट्या त्यातूनच उगवल्या. त्या हिशेबात भारताबाहेरचा खर्च मोजलाच जात नाही. अपवाद एकच, भारतीय खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणजे एखाद्या कंपनीने आज कोपनहेगनच्या प्रयोगशाळेला पैसे दिले, तर ते या दोन टक्क्यांत शून्य. प्राप्तिकर कायद्यातही परदेशी खर्चाला सवलत हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो. 1 एप्रिल 1952 पूर्वीच्या धर्मादाय ट्रस्टांना मात्र भारताचे हित दाखवून द्यावे लागत नाही.

या कुंपणावरून भांडणही झाले. कॉर्नेल आणि हार्वर्डला दिलेल्या देणग्यांपायी टाटा एज्युकेशन अँड डेव्हलपमेंट ट्रस्टची प्राप्तिकर विभागाशी जुंपली. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाने ट्रस्टच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे 220 कोटींची मागणी गेली. कायद्याने ट्रस्ट बरोबर असेल. पण हार्वर्डच्या अंगणात ‘टाटा हॉल’ उभा राहिला याचे मला फारसे कौतुक नाही. गडगंज विद्यापीठाला आणखी एक इमारत, एवढेच. लेडी टाटांच्या नावाच्या पैशातून इमारत उभी राहिली नाही, उरल्या शोधनिबंधांतल्या तळटीपा. शाळा, पाणी, भूक यांसाठी सीएसआरचे कुंपण योग्यच आहे. रोगांवरच्या संशोधनाला तेच कुंपण लावणे शुद्ध अडाणीपणा आहे.

लेडी टाटा ट्रस्टचे काम अजून चालू आहे. परदेशी संशोधकांची निवड लंडनमधली सल्लागार समिती पाहते, आणि भारतीय हिश्शातून इथल्या तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळतात. बोरिवली-घाटकोपरच्या ज्या घरात जीवशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी असेल, तिला हे कुणीतरी सांगा.