बक्षीस आणि बोनस

दिवाळीच्या सुटीपूर्वी कारखान्यांतून व कचेऱ्यांतून स्नेहमेळावे भरतात, सोडत निघते आणि एखाद्या कामगाराच्या हाती स्टीलचा डबा, भिंतीवरचे घड्याळ किंवा प्रेशर कुकर येतो. वस्तू बाजारात कोठेही मिळणारी. तरी घरी तिला निराळा मान असतो. वर्षभर हजेरीपुस्तकातील एक क्रमांक म्हणून वावरलेल्या माणसाचे नाव त्या दिवशी सर्वांसमक्ष पुकारले जाते, हेच त्या लहानशा बक्षिसाचे खरे मोल होय. या आनंदाला नाक मुरडण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही.

सुरतेने या प्रथेला डोळे दिपवणारे रूप दिले. तेथील हिरे-व्यापारी सावजी ढोलकिया यांच्या हरिकृष्ण एक्स्पोर्ट्स या पेढीने २०१४ च्या दिवाळीत सुमारे बाराशे कर्मचाऱ्यांना ४९१ मोटारी, २०७ सदनिका आणि दागिने वाटले. २०१८ साली पुन्हा सहाशे मोटारी दिल्या. श्रमाचे ऋण मानणारा हा मालक कौतुकास पात्र आहे, यात संशय नाही.

परंतु बक्षीस कितीही मोठे असले तरी ते देणाऱ्याच्या मर्जीचे असते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा धडा फार पूर्वीच घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात नफा वाढला तेव्हा मालकांनी बोनस सुरू केला. १९२३ सालच्या बोनसला मात्र त्यांनी नकार दिला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने, बोनसवर कामगारांचा हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा दिला. मालकाची खुशी आणि कामगाराचा हक्क यांमधील हे अंतर कापण्यास चार दशके लागली. १९६५ च्या कायद्याने किमान ४ टक्के बोनस ठरवला, पुढे तो ८.३३ टक्के झाला आणि २०१९ च्या वेतनसंहितेनेही तोच दर राखला.

सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणारे असंख्य कारागीर नगावर मजुरी घेतात. नग आले तर दाम, न आले तर रिकामे हात. परदेशातील मागणी घटताच त्यांची घंटी थांबते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका मोठ्या हिरे-कंपनीने सुमारे पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुटी जाहीर केली, ती सणासाठी नव्हे, मंदीमुळे. लहान कारखान्यांतील कारागिराला तर अशा वेळी विचारणारेही कोणी नसते. एकाच शहरात एकाच्या दारी बक्षिसाची मोटार उभी राहते आणि दुसऱ्याला मुलाच्या शाळेच्या फीची विवंचना पडते, हे चित्र शोभादायक नाही.

म्हणून मालकवर्गास आमचे सांगणे एवढेच, की स्नेहमेळावे अवश्य भरवावेत, बक्षिसेही वाटावीत. मात्र त्याआधी प्रत्येक कारागिराचे नाव पगारपत्रकावर यावे, भविष्यनिर्वाह निधीची तरतूद व्हावी आणि बोनस वेळेवर हाती पडावा. सरकारनेही नगावर काम करणाऱ्यांची नोंद घेऊन या कायद्यांचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावे. सोडतीत नशिबाचा भाग असावयाचाच. घामाच्या दामात तो असता कामा नये.