क्युसेकचा आकडा आणि मुठेचे पाणी

खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हे पावसाळ्यात पुणेकरांना तोंडपाठ असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. मात्र हा आकडा धरणाच्या दारातला. कर्वेनगरजवळ राजाराम पुलाखालून वाहणाऱ्या मुठेचा नव्हे. धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी वाटेत मिळते, ते विसर्गाच्या आकड्यात येत नाही. २५ जुलै २०२४ रोजी पलीकडच्या काठावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा विसर्गाबरोबर शहरातील अतिवृष्टीचे पाणीही नदीत होते.

प्रवाह काढण्यासाठी पात्राचा काटछेद आणि पाण्याचा वेग दोन्ही मोजावे लागतात. पात्रात गाळ वा राडारोडा साचला, की तीच पाणीपातळी वेगळाच प्रवाह दर्शवते.

गुणवत्तेचे गणित याहून फसवे. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमच्या आत हवी. विसर्ग वाढला की सांडपाणी पातळ होते व आकडे सुधारतात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी कालव्याने जाते. पात्रात उरते ते बहुतांशी सांडपाणीच. नमुन्याशेजारी त्या घटकेचा प्रवाह नोंदलेला नसेल, तर सांडपाणी घटले की नुसते पातळ झाले, हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.