हेलियमवाला साहेब आणि गोल्फचे कायदे

विजयदुर्गावर गेलेल्या बहुतेकांनी ‘साहेबाचे ओटे’ पाहिलेले असतात. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर आपल्या देवगड तालुक्यातल्या या बंदरावर दुर्बिणी घेऊन आले होते; हे ओटे त्या दुर्बिणींसाठीच. त्याच्या तीस वर्षे आधी, 1868 मध्ये, इंग्लंडमधून सूर्याचे निरीक्षण करताना त्यांना प्रकाशाच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली होती. ती हेलियमची खूण होती. आपल्याकडे हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण याच लॉकियरांनी विजयदुर्गला येण्याच्या दोनच वर्षे आधी, 1896 मध्ये, डब्ल्यू. रदरफर्ड यांच्यासोबत गोल्फच्या नियमांवर एक पुस्तक लिहिले होते! सूर्याच्या ज्वाळा मोजणारा माणूस चेंडू आणि काठीच्या कायद्यांत एवढा का रमला असेल?

ते नियम होते स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे. तिथे 14 मे 1754 रोजी 22 जणांनी एकत्र येऊन चांदीची गोल्फची काठी बक्षीस म्हणून ठेवली आणि खेळाडूंची एक मंडळी स्थापन केली. दहा वर्षे आधी एडिंबराजवळच्या लीथ इथल्या खेळाडूंनी 13 नियम लिहून काढले होते. सेंट अँड्र्यूजकरांनी ते जवळजवळ तसेच उचलले. ज्याचा चेंडू होलपासून, म्हणजे लक्ष्याच्या खड्ड्यापासून, सर्वांत लांब, त्याने आधी खेळायचे, हा त्यांतलाच एक. 1834 मध्ये राजा चौथा विल्यम याने आश्रय दिला आणि मंडळी ‘रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब’ झाली.

या खेळाचे मैदान मुळात कोणी आखलेच नव्हते. पुळणीच्या मागे असते तशी वाळवट जमीन, तिच्यावर वाऱ्याने उठवलेले उंचवटे आणि मेंढरांनी खुरटे ठेवलेले गवत. जमीन जशी होती, तसा खेळ घडत गेला. सेंट अँड्र्यूजच्या एका फेरीत तेव्हा 22 होल, म्हणजे एकेका खड्ड्यापर्यंतचे टप्पे, असत. 1764 मध्ये पहिल्या चार आखूड होलांचे दोन केले. परतीच्या वाटेवरही तेच होल खेळायचे असल्यामुळे एकूण चार कमी झाले आणि 18 उरले. आज जगभर गोल्फची पूर्ण फेरी अठरा होलांची असते, ती एका गावाच्या या सोयीमुळे!

मुंबईही या गोष्टीत आहे. मुंबईत 1842 मध्ये गोल्फ क्लब निघाला होता. त्याने 1845 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक चांदीचे पदक भेट दिले. ‘बॉम्बे मेडल’ या नावाने ते तिथल्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दिले जाऊ लागले.

क्लब गावोगाव वाढले, तसे नियमांच्या अर्थावरून वाद होऊ लागले. शास्त्रज्ञाला इथेच काम दिसले असावे. लॉकियर आणि रदरफर्ड यांनी नियम विषयवार लावले आणि त्यांवर टिपा दिल्या. पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, सेंट अँड्र्यूजच्या क्लबने स्वतःची नियम समिती नेमली. तेव्हापासून नियमांच्या अर्थाबाबत सेंट अँड्र्यूजच्या शब्दाला वजन आले. आधी काटेकोर पाहायचे, मग नि:संदिग्ध लिहायचे ही वर्णपटाच्या अभ्यासातली शिस्त खेळालाही किती उपयोगी पडते!

या क्लबला एक काळी बाजूही आहे. 260 वर्षे तिथे बायकांना सभासदत्व नव्हते. सप्टेंबर 2014 मधल्या मतदानानंतर ते दार उघडले. जमिनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स हे जगप्रसिद्ध मैदान या क्लबच्या मालकीचे नाही; ते गावाचे. मध्यंतरी ते गावाच्या हातून गेले आणि सशांच्या पैदाशीसाठीही वापरले गेले. 1894 मध्ये गावाने ते परत मिळवले. आजही साधारणपणे रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी, लहान मुले, कुत्री त्या हिरवळीवर मोकळी फिरतात.

आपल्याही किनाऱ्यावर गावाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोकळ्या जागा अजून उरल्या आहेत. त्या गावाच्याच राहतील, हे आपण पाहायला हवे. ज्या जागेवर सगळ्यांचा पाय पडतो, तिथेच पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे खेळ जन्माला येतात.