०.६ मिलिमीटरची खाच

आमचं बुऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव, आणि माझं काम मागांचे सुटे भाग घडवायचं. परवा एक विणकर पातळ पोलादी पट्टी घेऊन आले. ताण्याचा धागा तुटला की ही पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. त्यांना नव्या नमुन्याच्या दहा पट्ट्या हव्या होत्या. जाडी ०.३ मिलिमीटर, मधोमध ०.६ मिलिमीटर रुंदीची बंद खाच.

मिलिंगचा विचार मी लगेच सोडला. एवढं बारीक कटर जरा दाब पडला की तुटतं, पत्राही वाकतो. लेझरने काम झटपट होतं, पण वितळलेल्या धातूचे कण कडेला चिकटून राहतात. नखाला ते खरखर लागतात. सुती धागा तिथे दिवसभर घासणार, मग तो टिकेल कसा?

म्हणून वायरकट. ०.२५ मिलिमीटरची पितळी तार धातूला न टेकता ठिणग्यांनी तो झिजवत जाते. दाब नाहीच, त्यामुळे दहाही पट्ट्या एकावर एक आवळून एकदम कापता येतात. मात्र तार ओवायला आधी बारीक छिद्र पाडावं लागतं, आणि कोपरे किंचित गोल राहतात. धाग्याला ते उलट मानवतं. हजारो पट्ट्या लागल्या असत्या तर डाय-पंचच केला असता. दहांसाठी तो खर्च विणकराच्या माथी मारणं मला पटत नाही.

वायरकटसाठी इंदूरला दिलेलं काम होऊन आलं. खाचेत धागा ओवून पन्नास वेळा ओढला, भिंगाखाली धरला. एकही तंतू सुटला नव्हता.